पुस्तक परत जातं, टीप वहीत राहते

मुलांनो, तुमच्या प्रकल्पवहीचं शेवटचं पान उघडा बघू. काय लिहिलंय तिथं? न बघता सांगू का?

"संदर्भ : १) पुस्तके २) वर्तमानपत्रे ३) इंटरनेट ४) शिक्षकांचे मार्गदर्शन."

आलं ना बरोबर! वर्गातल्या चाळीस वह्या उघडल्या तरी चाळिशीच्या चाळीस वह्यांत हेच चार शब्द सापडतील. एखाद्या बाईंनी विचारलं, "अरे, पुस्तकं म्हणजे कोणती?" की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. कुणी विचारावं, "गावाला कसा गेलास?" आणि आपण सांगावं, "रस्त्यानं!" तसंच झालं हे. उत्तर खोटं नाही, पण त्याचा उपयोगही नाही.

तर आज आपण हे शेवटचं पान नीट कसं लिहायचं ते शिकू या. मोठ्या अभ्यासकांच्या भाषेत त्याला म्हणतात 'सटीप संदर्भसूची'. नाव ऐकून घाबरू नका. सूची म्हणजे यादी. सटीप म्हणजे टिपेसह. आपण वापरलेल्या पुस्तकांची यादी करायची आणि प्रत्येक पुस्तकाखाली तीन-चार ओळींची टीप लिहायची. झालं!

नाव, गाव आणि स्वभाव

लग्नघरात पाहुण्यांची ओळख कशी करून देतात, आठवा. "हे केजचे मामा. आमच्या आईचे थोरले भाऊ. भजन फार सुरेख म्हणतात, पण वेळेवर येतील तर शपथ!" या तीन वाक्यांत सगळं आलं. नाव कळलं, गाव कळलं, नातं कळलं आणि कुठल्या कामासाठी मामांवर विसंबायचं, कुठल्या कामासाठी नाही, तेही कळलं.

संदर्भसूचीतही हेच करायचं. पहिला भाग पुस्तकाचा पत्ता : लेखक, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष. दुसरा भाग त्याचा स्वभाव : आत काय आहे, आपल्याला काय मिळालं, कुठं जपून राहायचं. नुसता पत्ता लिहिला तर ती साधी यादी. स्वभावही लिहिला, की ती सटीप सूची.

आणि हो, ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. ताहराबादचे महीपती ठाऊक आहेत ना? संतांची चरित्रं लिहिणारे. त्यांनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे, की हे मी मनचं लिहीत नाही. माझ्याआधी नाभाजींनी आणि उद्धवचिद्घनांनी संतांची चरित्रं लिहिली, त्यांच्या आधारानं लिहितो आहे. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी एका कवीला वाटलं, की आपला आधार वाचकाला सांगितला पाहिजे. मग आपल्याला का वाटू नये?

तिकडे युरोपात, स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या कॉन्राड गेस्नर या विद्वानानं १५४५ साली लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांतल्या ग्रंथांची एक प्रचंड सूची छापली होती. ग्रंथाचं नाव देऊन तो थांबला नाही. आत काय आहे, हेही त्यानं जागोजागी लिहिलं.

आणि मराठीत? मराठीत शंकर गणेश दाते यांनी हे डोंगराएवढं काम अंगावर घेतलं. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली निघाली. १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा दुसरा भाग १९६१ साली आला. विचार करा, तेव्हा संगणक नव्हता. ग्रंथालयं धुंडाळायची, पुस्तकं शोधायची, हातानं नोंदी करायच्या. आजही जुनं मराठी पुस्तक कधी निघालं, कुणी काढलं हे शोधायचं असलं, की अभ्यासक दात्यांची सूची उघडतात.

चला, नांदूरघाटहून अंबाजोगाईला

आता उदाहरण घेऊनच पाहू. समजा, तुम्ही बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटला राहता. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. सरांनी विषय दिला : 'आपल्या जिल्ह्यातले मुकुंदराज.'

सोपं वाटतं ना? जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. लहानपणी तुम्ही कधी तरी आजीचं बोट धरून तिथं गेलाही असाल. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ. तो शके १११० मध्ये रचला, असं ग्रंथातच सांगितलेलं आहे. शकात ७८ मिळवले, की इसवी सन येतो. म्हणजे ११८८. ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षं आधी! म्हणून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणायची परंपरा आहे.

तुम्ही एवढं लिहून वही मिटणार, तेवढ्यात दुसरं पुस्तक हाती येतं. त्यात लिहिलेलं असतं, की मुकुंदराज विदर्भातले. ग्रंथात अंबानगरीचा आणि वैन्यागंगेचा उल्लेख आहे. ही वैन्यागंगा म्हणजे वैनगंगा, आणि अंबानगरी म्हणजे तिच्या काठचं अंभोरा! तिसरं पुस्तक सालाबद्दलच शंका घेतं. मुकुंदराज ज्ञानेश्वरांच्या नंतरचे असावेत, असंही काही अभ्यासकांचं मत आहे.

झाली ना पंचाईत? आता खरं कुणाचं मानायचं?

घाबरू नका. मोठमोठ्या पंडितांत ज्यावर वाद झाले, तो प्रश्न सातवीतल्या मुलानं एका रविवारी सोडवावा, अशी सरांची अपेक्षा नसते. तुमचं काम वेगळं आहे : कोण काय म्हणतं, कशाच्या आधारानं म्हणतं, हे नीट नोंदवणं. आणि नेमकं तिथंच ही टीप उपयोगी पडते.

पहिली पायरी : पत्ता लिहा

पुस्तक हातात आलं, की वाचायच्या आधी उलटून बघा. वरच्या रंगीत वेष्टणावर विसंबू नका. आतलं नावाचं पान काढा आणि त्याची मागची बाजू बघा. बारीक अक्षरात तिथं सगळी कुंडली असते. एवढं उतरवून घ्या :

लेखकाचं किंवा संपादकाचं नाव (आडनाव आधी),
पुस्तकाचं पूर्ण नाव,
प्रकाशक आणि गाव,
प्रकाशनाचं वर्ष आणि कितवी आवृत्ती,
आपल्याला उपयोगी पडलेल्या पानांचे क्रमांक,
आणि पुस्तक कुठं मिळालं : शाळेचं कपाट, गावचं वाचनालय, की कुणाच्या घरी.

यात्रेत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकांवर पुष्कळदा साल छापलेलं नसतं. मग 'वर्ष छापलेले नाही' असं सरळ लिहा. अंदाजानं साल ठोकून देऊ नका. 'छापलेले नाही' हीसुद्धा माहितीच आहे.

दुसरी पायरी : पुस्तकाला चार प्रश्न विचारा

आता वाचा, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ठेवा. हो, मिटून! उघड्या पुस्तकासमोर टीप लिहायला बसलं, की हात आपोआप उतरवायला लागतो. मग स्वतःला विचारा :

एक : हे कुणी लिहिलं आणि त्याला ही माहिती कशी मिळाली? स्वतः पाहून, जुने कागद वाचून, की ऐकून?

दोन : आत मुख्य काय सांगितलं आहे?

तीन : माझ्या प्रकल्पाला यातलं काय उपयोगी पडलं?

चार : कुठं सावध राहायला हवं? माहिती जुनी आहे का, एकाच बाजूची आहे का, दुसऱ्या पुस्तकाशी जुळत नाही का?

या चार प्रश्नांची चार उत्तरं म्हणजेच तुमची टीप. तीन ते पाच ओळी पुरे.

नमुने पाहा

बोलणं पुष्कळ झालं. आता चार नमुने बघा.

नमुना पहिला, सरकारी ग्रंथाचा :

*महाराष्ट्र राज्य गॅझेटियर : भीर जिल्हा. महाराष्ट्र शासन, मुंबई, १९६९. (इंग्रजी)*
*टीप : जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, शेती आणि मुख्य गावे यांची माहिती. इंग्रजी अवघड असल्याने सरांबरोबर वाचले. अंबाजोगाईची माहिती मिळाली. ग्रंथ १९६९ चा असल्याने लोकसंख्येचे व शेतीचे आकडे आजचे म्हणून वापरले नाहीत.*

'भीर' हे काय, असं वाटलं ना? जुन्या कागदांत बीडचं नाव असंच लिहिलेलं असतं. अंबाजोगाईला तर निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद म्हणत. तुम्ही नुसतं 'अंबाजोगाई' शोधत बसलात, तर मोमिनाबाद या नावाखालची पानं हातची जातील. अशी जुनी नावं टिपेत जरूर लिहा. पुढच्याचे श्रम वाचतात.

नमुना दुसरा, मूळ ग्रंथाचा :

*मुकुंदराज : विवेकसिंधु. (प्रकाशक, गाव आणि वर्ष आपल्या हातातल्या प्रतीवरून.)*
*टीप : ओवीबद्ध ग्रंथ. जीव, जगत आणि ब्रह्म यांविषयी गुरु-शिष्यांच्या संवादातून सांगितले आहे. भाषा जुनी असल्याने सर्व समजले नाही. सरांनी दाखवलेला भाग वाचला. ग्रंथाचा काळ आणि अंबानगरीचा उल्लेख यांसाठी हा मूळ आधार. मात्र अंबानगरी म्हणजे आजचे कोणते गाव, हे ग्रंथावरून ठरत नाही.*

पाहिलंत? "सर्व समजले नाही" असं लिहायला लाजायचं नाही. न वाचता "संपूर्ण वाचले" लिहिण्यापेक्षा ते शंभर पटींनी चांगलं.

नमुना तिसरा, स्वतः पाहिलेल्या जागेचा :

*मुकुंदराज समाधी, अंबाजोगाई. स्वतः भेट. (भेटीची तारीख.)*
*टीप : जागा पाहिली, कच्चा नकाशा काढला, फलकावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. लोक समाधी येथे मानतात व दर्शनाला येतात, एवढ्यासाठी हा आधार चांगला. फलक कधी लावला ते कळले नाही; त्यामुळे मुकुंदराजांचा काळ ठरवायला वापरला नाही.*

आजीसुद्धा संदर्भच!

आता तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात पुस्तकं कुठं एवढी?" खरं आहे. पण पुस्तकात नसलेलं पुष्कळ काही माणसांत असतं. समजा, तुम्ही आजीला विचारलं. ती म्हणाली, "आरं बाळा, मुकुंदराज आपल्या आंब्याचेच की! माझी आई बी हेच सांगायची."

हे वहीत कसं लिहायचं? "एका म्हातारीने सांगितले" असं नाही हं! आजीचाही पत्ता लिहायचा. हा आपला चौथा नमुना :

*माझी आजी, वय ७२, नांदूरघाट. घरी प्रत्यक्ष बोलणे. (तारीख.)*
*टीप : मुकुंदराजांविषयी आजीने तिच्या आईकडून ऐकलेले सांगितले. आमच्या भागात ही आठवण दोन पिढ्या तरी चालत आली आहे, हे यावरून कळते. साल किंवा ग्रंथाची माहिती आजीला नाही. आजीला विचारूनच तिचे बोलणे लिहिले.*

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कुणाचं बोलणं लिहायचं असेल तर आधी विचारायचं. आणि लिहून झालं, की त्यांना वाचून दाखवायचं. "आसं न्हाई म्हणले मी!" असं म्हणून आजी एखादी चूक नक्की काढील, बघा.

कच्ची टीप, पक्की टीप

आता या दोन टिपा वाचा.

पहिली : "हे पुस्तक खूप छान आहे. त्यातून खूप माहिती मिळाली. सर्वांनी अवश्य वाचावे."

दुसरी : "पुस्तिकेत मुकुंदराजांच्या चमत्कारांच्या कथा आहेत. लेखकाने आधार दिलेला नाही. लोकांमध्ये कोणत्या कथा प्रचलित आहेत, ते समजण्यासाठी वापरली. इतिहासासाठी वापरली नाही."

पहिली टीप शिवणकामाच्या पुस्तकाला चालेल, क्रिकेटच्याही चालेल. जी टीप कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येते, ती कच्ची. दुसरी टीप फक्त त्याच पुस्तकाची आहे. ती पक्की.

पुस्तकाच्या मागच्या वेष्टणावरचा मजकूर उतरवला, तर तीही कच्चीच. तो मजकूर पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो. तुमची टीप पुस्तक समजावं म्हणून असते.

मोबाइलवर मिळालेली माहिती

मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातली एखादी मोठी नोंद उघडा आणि थेट खाली जा. तिथं नोंद लिहिणाऱ्याचं नाव दिसेल आणि पुष्कळदा संदर्भग्रंथांची यादीही. विश्वकोशानं ज्या पुस्तकांचा आधार घेतला, ती नावं तुम्हाला आयती मिळतात! तुमच्या वहीत मात्र नुसतं 'इंटरनेट' लिहू नका. संकेतस्थळाचं नाव, लेखाचं नाव, लेखक आणि तुम्ही ते कोणत्या तारखेला पाहिलं, एवढं हवंच. संकेतस्थळावरचं पान उद्या बदलू शकतं. म्हणून ती तारीख.

हल्ली प्रश्न विचारला, की चुटकीसरशी उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही मोबाइलवर आली आहेत. त्यांना विचारलं, की दहा पुस्तकांची यादी हजर! पण गंमत ऐका. ती कधी कधी मुळात नसलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि सालसुद्धा अगदी ऐटीत सांगतात. तेव्हा एक नियम मनाशी पक्का करा : जे पुस्तक मी पाहिलं नाही, ते माझ्या यादीत नाही. नुसतं नाव ऐकलं असेल, तर शेवटी 'पाहायची राहिलेली पुस्तके' असा वेगळा मथळा देऊन तिथं लिहा.

एवढा खटाटोप कशाला?

त्यासाठी एक खरी हकिगत सांगते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद आणि पोथ्या गोळा करत. बीडजवळच्या पाटांगण इथं त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती फार प्राचीन आहे, असं त्यांचं मत होतं. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. पुढे अभ्यासकांना प्रश्न पडले : पोथी खरंच तेवढी जुनी होती का? तिच्यात नेमकं काय लिहिलं होतं? पण आता मूळ पोथी तपासायला उपलब्ध नाही. छापील पुस्तक आहे, पण ते ज्यावरून छापलं तो आधारच डोळ्यांसमोर नाही. म्हणून वाद मिटत नाही.

तुमच्या वहीचंही असंच आहे. आधार दिसला, की कुणालाही पडताळून पाहता येतं. आधार हरवला, की उरतं फक्त "मी सांगतो म्हणून".

आणखी एक कारण आहे, खास आपल्या भागातल्या मुलांसाठी. दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. काहींना मात्र आई-बाबांबरोबर कारखान्याच्या गावी जावं लागतं. तिथं शाळेचं कपाट नसतं, गावचं वाचनालय नसतं. पुस्तक तर केव्हाच परत करावं लागलेलं असतं. पण त्याची टीप वहीत असते, आणि वही दप्तरातून कुठंही जाते. परत आल्यावर कोणतं पुस्तक, कोणतं पान, हे शोधत बसावं लागत नाही. जिथं थांबलो, तिथून पुढं.

आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलानं हाच विषय घेतला, तर? त्याला तुमची वही द्या. तुम्ही अंबाजोगाईची बाजू वाचलीत, तो अंभोऱ्याची वाचील. तुमच्या यादीत पाच नावं असतील, तर त्याच्या यादीत आठ होतील. प्रत्येकानं पहिल्यापासून सुरुवात केली, तर सगळेच पहिल्या पानावर राहतील!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, मुलांचे प्रकल्प सुंदर दिसावेत म्हणून आपण रंगीत चित्रं आणतो, रात्री जागून ती चिकटवतो. या वेळी थोडं वेगळं करून पाहा. मूल यादी लिहीत असेल, तेव्हा शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "हे तुला कुठं मिळालं?" उत्तर आलं नाही, तरी रागावू नका. दोघं मिळून शोधा. आपल्याला अक्षरओळख कमी असली, तरी बिघडत नाही. जुन्या आठवणी सांगता येतील, गावातल्या जाणत्या माणसाकडं मुलाला नेता येईल. मात्र टीप आपण लिहून देऊ नका. मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, ती मुलाचीच असू द्या.

या आठवड्यात करून पाहा

आता वाचलंत, तेवढ्यावर सोडू नका. घरात, शाळेत किंवा वाचनालयात तीन गोष्टी निवडा : एक पुस्तक, एक जागा आणि एक माणूस. तिघांचाही पत्ता लिहा. प्रत्येकाखाली चार प्रश्नांच्या उत्तरांची टीप लिहा. पुस्तकं वाढली, की ती लेखकांच्या आडनावांप्रमाणे अकारविल्हे लावा. मग वही मित्राला द्या आणि त्याला सांगा, "यातली एखादी गोष्ट शोधून दाखव."

तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्यानं ती शोधून काढली, तर समजा, तुमची सूची पास झाली!